आखाला बांधलेला नाडा

"गाडी ठीक आहे की नाही, एवढंच मला सांगा, मिस्त्री. पुढचं मी बघते."

डॉक्टरीणबाई गॅरेजच्या दारात उभ्या होत्या. चपला चिखलानं भरलेल्या, डोळे रात्रभर न झोपलेल्या माणसाचे. त्यांच्या मागं त्यांची काळी मोटार, आणि मोटारीजवळ त्यांचा ड्रायव्हर इमामभाई. तो खांद्यावरच्या रुमालानं बॉनेट पुसत होता. बॉनेट आधीच लख्ख होतं.

"काय होतंय गाडीला?" मी विचारलं.

"ब्रेक मारला की डावीकडं जाते. म्हणजे कधी जाते, कधी जात नाही. दोष गाडीत असेल तर दुरुस्त करा. आणि गाडीत नसेल तर..."

बाईंनी वाक्य अर्धंच सोडलं. इमामभाईचा रुमाल थांबला. मी काय ते समजलो, आणि मला राग आला. अहो, मी मोटारी दुरुस्त करणारा माणूस. माणसांचे निवाडे करायला सरकारनं कचेऱ्या उघडल्यात, तिकडं जा की! पण बाईंना हे तोंडावर कोण बोलणार? निम्म्या परभणीची बाळंतपणं त्यांनी केलेली. माझ्या घरची दोन.

आमचा जिल्हा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात जायच्या थोडी आधीची ही गोष्ट. निजाम गेला होता, पण रस्ते त्याच्याच वेळचे राहिले होते. मी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फौजेच्या वर्कशॉपात काम शिकलो आणि लढाई संपल्यावर घरी येऊन स्टेशन रोडला गॅरेज टाकलं. दोस्त म्हणाले, मुंबईला जा, पुण्याला जा. मी म्हटलं, आपल्याकडं म्हणतातच, बनी तो बनी, नहीं तो परभणी; बाहेर जमलं तर जमलं, नाहीतर आपलं गाव आहेच. मोटारी तेव्हा मोजक्याच होत्या, पण रस्ते असे की त्या मोजक्या मोटारीच मला पुरून उरायच्या.

डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या. गावात त्यांचा लहानसा बाळंतपणाचा दवाखाना होता. गावातल्या व्यापाऱ्यांनी मिळून त्यांना ही जुनी विलायती मोटार घेऊन दिली होती, कारण बाई नुसत्या दवाखान्यात बसून राहायच्या नाहीत. खेड्यातून सांगावा आला की निघाल्या. आणि मोटार चालवायला इमामभाई. हा माणूस आधी एका जागीरदाराकडं होता. जागिरी गेल्या, जागीरदार हैदराबादला निघून गेला, आणि इमामभाई रस्त्यावर आला. त्या वेळी त्याला कामावर ठेवायला गावात कुणी तयार नव्हतं. वय उतरणीला लागलेलं, आणि निजाम गेल्यानंतरचे ते दिवसही असे की जो तो एकमेकांकडं संशयानं बघायचा. बाईंनी त्याला ठेवला. आता बाईंनी काढला असता तर त्याला दुसरं दार नव्हतं. घरात म्हातारी आई, बायको, आणि नवरा गेलेली लेक तिच्या पोरांसकट.

तर झालं असं होतं. पावसाळा सुरू झाल्यापासून गाडी दोनदा रस्ता सोडून गेली होती. एकदा मानवतच्या रस्त्यावर बाभळीला घासून थांबली. बाईंनी हसून सोडून दिलं. दुसरी वेळ मात्र आदल्या दिवशीची. मागच्या सीटवर कळा देणारी बाई झोपवलेली. समोर म्हैस आडवी आली. इमामभाईनं ब्रेक मारला आणि गाडी जी डावीकडं गेली, ती पुलाच्या कडेला पुढचं चाक अधांतरी लटकेपर्यंत. पेशंट सीटवरून खाली पडली. नशीब थोर, बाई आणि बाळ दोघं सुखरूप. पण डॉक्टरीणबाईंची झोप उडाली होती.

"मला तो माणूस आवडतो, मिस्त्री," त्या मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या. "घरच्यासारखा आहे. पण मी दोन दोन जीव मागच्या सीटवर टाकून नेते. त्याची नजर गेली असेल, हात थरथरत असेल, तर मला डोळे झाकून चालणार नाही."

यात त्यांचं काय चुकलं? मी त्यांच्या जागी असतो तर मीही हेच म्हटलं असतं.

बाई टांग्यानं दवाखान्यात गेल्या. मी गाडी खड्ड्यावर घेतली. खड्डा म्हणजे आमच्या गॅरेजातला जमिनीतला हौद. वर गाडी उभी करायची आणि पायऱ्या उतरून खालून बघायचं.

"इमामभाई, गाडी कुठं आदळली का?"

"न्हाई."

"दगडावर बसली? खड्ड्यात आपटली?"

"अल्ला कसम, न्हाई. ती बाभळ घासली तेवढीच. आन् ती तर गाडी आधी डावीकडं गेली म्हनून घासली."

मी ब्रेक उघडले. चारही चाकांचे सारखे. स्टेअरिंगचे सांधे हलवून पाहिले. घट्ट. टायरमधली हवा, चाकांचे बेअरिंग, सगळं जिथल्या तिथं. खालून बघायला काय, सगळी काळी माती. आमच्याकडची माती ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगतो. ओली असते तेव्हा पाय सोडत नाही आणि वाळली की छन्नी-हातोडी मागते. पावसाळ्यात परभणीतली गाडी खालून स्वच्छ दिसली तर मलाच धसका बसायचा. म्हणून त्या मातीचं मला काही वाटलं नाही.

गाडी घेऊन स्टेशनापर्यंत गेलो, परत आलो. वाटेत ब्रेक मारून पाहिले. सरळ थांबली. पुन्हा मारले. सरळ थांबली. आता काय सांगायचं बाईंना?

हात धुवायला नळावर गेलो तर इमामभाई मागोमाग आला.

"मिस्त्री, तुमी सांगून टाका बाईसाबला. गाडी ठीक हाय म्हनून."

"कामून?"

"गाडी ठीकच हाय. हात गया मेरा." त्यानं दोन्ही हात माझ्यापुढं धरले. "पहिले ब्रेक मारला की हात आपोआप सरळ राहायचे. आता डावा हात ओढतो आन् मला पताबी लागत न्हाई. रातभर विचार केला. उद्या एखादी लेकीसारखी पोरगी मागं पडून मेली तर मी कबरीत काय जवाब देऊ?"

"आणि घरी काय जवाब देणार? खाणार काय?"

"बघू. हमाली करीन. सेलूच्या जिनिंगात वॉचमन लागतेत म्हनं."

मला भडभडून आलं, आणि असं काही झालं की माझं तोंड सुटतं. "हमाली करतो म्हणे! स्वतःचा पायजमा सावरत नाही आणि रुईचे गठ्ठे उचलणार! बस गाडीत. चावी दे इकडं."

"तुमी बघितली ना चालवून?"

"म्हाताऱ्या बैलासारखी हाकत बघितली. तू म्हशीपुढं ब्रेक मारलास तेव्हा असाच हाकत होतास का?"

हाच मुद्दा होता. पेशंट कळा देत असताना कुणी डुलत डुलत गाडी हाकत नाही. आम्ही वसमतच्या रस्त्यानं निघालो. गाव संपलं, पुढं सरळ मोकळा रस्ता लागला, तशी मी गाडी पळवली. इमामभाईनं दाराची कडी धरली. पुरेसा वेग आला आणि मी ब्रेकवर उभाच राहिलो.

स्टेअरिंग माझ्या हातातून हिसकून घेतल्यासारखं फिरलं. मी हत्तीएवढा जोर लावला तरी गाडी डावीकडं गेली, कडेची चारी ओलांडून कुणाच्या तरी कपाशीत घुसली आणि बंद पडली. माझं कपाळ काचेवर आपटलं. लांबून शेतमालक धावत आला आणि त्यानं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला.

मी मात्र खाली उतरून हसायला लागलो होतो. "इमामभाई! सांग आता, माझापण हात गेला का? आपण दोघंपण हमालीला जायचं का?"

इमामभाई गाडीतच बसून होता. दाराची कडी अजून घट्ट धरलेली. शेतमालक मला म्हणाला, "कपाळातून रगत यायलंय तुमच्या, आन् हसायलाव काय? येड लागलंय का?" मग त्यानंच गाडी ढकलायला खांदा लावला. शिव्या काही थांबवल्या नाहीत.

आता दोष गाडीत आहे हे नक्की झालं. पण कुठं? परत खड्ड्यावर घेतली. या वेळी आधी दोरी काढली. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोरी लावून उजवी बाजू मोजली, मग डावी. दोन्ही सारख्या हव्यात. डावीकडं दोन बोटं जास्त भरली. पुन्हा मोजलं. तेवढीच.

मोटारीच्या पुढच्या दोन चाकांमध्ये एक जाड लोखंडी दांडा असतो. मेकॅनिक त्याला ॲक्सल म्हणतात, बैलगाडीवाले आख म्हणतात. बैलगाडीत आख साटीखाली, म्हणजे माणसं बसतात त्या फळ्यांखाली, पक्का बसवलेला असतो. मोटारीत तसं नसतं. तिथं आख पाट्यांना बांधलेला असतो. पाटे म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्या. खड्डा आला की त्या लवतात आणि आतल्या माणसाची हाडं वाचतात. या पाट्यांना आणि आखाला एकत्र आवळून धरायला दोन वाकवलेले बोल्ट असतात. आणि आखानं पुढं-मागं सरकू नये म्हणून पाट्यांच्या मधोमध एक बारकासा बोल्ट असतो. त्याला सेंटर बोल्ट म्हणतात. बोटाएवढं त्याचं अंग, पण आखाची जागा तोच राखतो.

मी पाणी मारलं, छन्नी घेतली आणि डाव्या पाट्यावरची माती फोडायला लागलो. ढेकळं पडत गेली. मातीखाली सेंटर बोल्टचं डोकं एका बाजूला आणि धड दुसऱ्या बाजूला. कातरल्यासारखा तुटला होता. आख पाट्यावरून पुढं सरकलेला. बाकीच्या बोल्टांनी आवळून धरला म्हणून आणि वाळलेल्या मातीनं चेपून ठेवला म्हणून तो सावकाश चालीला जागेवर राहायचा. जोरात ब्रेक मारला की मागं सरकायचा आणि चाक तिरपं करून गाडी फेकायचा. वर माती अशी काही लिंपून बसली होती, की डोळ्याला काही दिसायचंच नाही.

पण न आदळता सेंटर बोल्ट तुटतो कसा? आणखी माती काढली, तर आखाच्या डाव्या टोकाला, चाकाच्या अगदी जवळ, काहीतरी चिकटलेलं. ओढून काढलं. अंबाडीच्या दोरखंडाचे धागे. पिळलेले, तुटके.

मी खड्ड्यातूनच ओरडलो, "इमामभाई! ही गाडी कुणी ओढली होती का?"

"ओढली की. बैलांनी."

"कधी?"

"पाऊस सुरू झाला तवाच. ताडकळसच्या अलीकडं एक वस्ती हाय मेंढरंवाल्यांची. तिथल्या वढ्यात रुतली व्हती. त्यांनी बैलं जुंपून काढली."

"अरे मग हे मला सांगितलं का नाही?"

इमामभाई खड्ड्याच्या कडेवर उकिडवा बसला आणि भाबडेपणानं म्हणाला, "तुमी विचारलं की गाडी आदळली का. ती न्हाई आदळली. आन् बैलांनी ओढणं काय सांगायचं, मिस्त्री? पावसाळ्यात ओढतेतच की."

खरं होतं. पावसाळ्यात चिखलात रुतून बैलांनी ओढली नाही अशी मोटार आमच्या जिल्ह्यात नव्हती. त्याला कुणी अपघात म्हणतच नव्हतं.

"दोर कुठं बांधला होता?"

"मला काय म्हाईत? मी स्टेअरिंगवर. कमरेइतकं पाणी. ते लोक पाण्यात डुबकी मारून बांधत व्हते."

मी तो बोल्टाचा तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला. "हा बघ तुझा गेलेला हात."

त्यानं तो तुकडा दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिला. मग रुमालानं डोळे पुसले आणि म्हणाला, "धूळ लय हाय तुमच्या गॅरेजात."

संध्याकाळी बाई आल्या. मी म्हटलं खाली उतरू नका, चिखल आहे. त्या पदर खोचून सरळ खड्ड्यात उतरल्या. मी दोन्ही पाटे दाखवले, उजवा आणि डावा. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

"म्हणजे हाड शाबूत आहे आणि सांधा निखळलाय," त्या म्हणाल्या. "उभं राहिलं तर दिसत नाही. पळायला लागलं की कळतं."

"तसंच."

"आणि मी मात्र चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला निघाले होते." बाई वर आल्या आणि इमामभाईसमोर उभ्या राहिल्या. "इमामभाई, माझं चुकलं. दोष गाडीचा होता. तुमची नोकरी आहे तशीच आहे. गाडी झाली की चालवायला लागा."

झालं, संपलं, असं मला वाटलं. पण इमामभाईनं मान हलवली.

"बाईसाब, तुमची मेहेरबानी. पण मला आता भ्या वाटतं. काल ती पोरगी पडली त्याचा आवाज कानात हाय. मिस्त्री म्हनतेत बोल्ट तुटला. असंल. पन हात बी गेला असंल तर? दोन्ही बी असतील की! तुमी दुसरा माणूस बघा."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. पाट्याला नवा बोल्ट घालता येतो. माणसाच्या मनातला बोल्ट तुटला तर त्याचं सामान कुठल्या दुकानात मिळतं?

मी गाडी दुरुस्त केली. नवा सेंटर बोल्ट, नवे आवळायचे बोल्ट, दोन्ही बाजूंची दोरी सारखी. वसमतच्या रस्त्यावर जाऊन ब्रेक मारून आलो. त्याच शेतकऱ्यानं मला ओळखलं आणि काठी घेऊन बांधावर येऊन उभा राहिला. पण गाडी या वेळी रस्त्यातच थांबली. इमामभाईला म्हटलं, एकदा चालवून बघ. तो नाहीच म्हणाला. रोज यायचा, गाडी पुसायचा आणि चावीला हात लावायचा नाही.

एवढ्यात बाईंना त्या मेंढरंवाल्यांच्या वस्तीवर जायचं निघालं. तिथल्या एका सुनेचं बाळंतपण त्यांनी पावसाच्या सुरुवातीला केलं होतं. तिचं तान्हं बाळ खोकत होतं म्हणून सांगावा आला. ड्रायव्हर नाही, मग चालवणार कोण? मी. शिवाय दोर नेमका कसा बांधला हे मला बघायचंच होतं. पावसाळा अजून बाकी होता. तोच ओढा, तीच माणसं, आणि पुन्हा तोच दोर. इमामभाईला मी वाट दाखवायच्या निमित्तानं शेजारी बसवला.

वस्तीवर धोंडिबा भेटला. सुनेचा सासरा. मेंढरं राखायची, थोडी कोरडवाहू जमीन कसायची, असं त्यांचं घर. बाई झोपडीत बाळाला बघायला गेल्या आणि मी धोंडिबाला विचारलं, "बाईंची मोटार ओढ्यातून तुमीच काढली का?"

त्याची छाती फुगली. "आमीच! मपली लाल कंधारी बैलजोडी आन् पावण्याची जोडी. सुनबाई घरात तडफडायली, डाक्टरीनबाई वढ्याच्या पल्याड. मंग काय, जीव खाऊन वढली!"

"दोर कशाला बांधला?"

"मोटंचा नाडा व्हता. विहिरीवरला. लय पक्का." मोटेनं पाणी ओढायच्या जाड दोरखंडाला आमच्याकडं नाडा म्हणतात.

"ते कळलं. बांधला कुठं?"

"कुठं मंजी? आखाला!" मी विचारतो तरी काय, अशा नजरेनं त्यानं माझ्याकडं बघितलं. "गाडीत आखापरीस पक्कं काय असतंय?"

"मधोमध?"

"मधोमध कामून? रुतलेली गाडी कुनी मधोमध वढतंय व्हय?" मग त्यानं मला दारातल्या बैलगाडीशी नेलं आणि करून दाखवलं. गाडी रुतली की आखाच्या एका टोकाला नाडा घालायचा. तिरपं ओढायचं. एक चाक आधी मोकळं होतं, मग दुसऱ्या टोकाला घालायचा, दुसरं निघतं. सरळ ओढली तर बैलं मरतील, गाडी हलायची नाही. "आमचे बापजादे असंच काढत आलेत."

मी बघत राहिलो. अहो, काय चूक होतं त्यात? बैलगाडीला दोनच चाकं. ती तिरपी ओढली की भोवऱ्यासारखी वळून बाहेर निघते. गाडी काढायची याहून चांगली रीत मला स्वतःला सुचली नसती. फक्त मोटारीला मागं आणखी दोन चाकं असतात, आणि तिचा आख एका बोटभर बोल्टावर असतो. हे त्याला कोण सांगणार होतं, आणि तेही कमरेइतक्या पाण्यात? करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

मी त्याला काय झालं ते सांगितलं. बोल्टाचं, म्हशीचं, पुलाचं. आणि इमामभाईचंही. धोंडिबाचा चेहरा पडला. तो तसाच उठून इमामभाईकडं गेला आणि त्याचे पायच धरायला लागला.

"आमच्यापायी तुमची रोटी जाया लागली व्हती व्हय? आन् आमाला पत्ता न्हाई!"

"उठ रे बाबा, उठ," इमामभाई कासावीस झाला. "तू तर मदत केली. तुझी सून वाचली, बस झालं."

मी वातावरण हलकं करायला गाडीकडं बोट दाखवलं. दुरुस्तीच्या वेळी मी पुढच्या बाजूला दोन जाड कड्या बसवल्या होत्या. चेसिसला, म्हणजे ज्या लोखंडी चौकटीवर सगळी मोटार उभी असते तिला. "यापुढं नाडा इथं. दोन्ही कड्यांत घालायचा आणि सरळ ओढायचं. आखाला हात लावायचा नाही."

धोंडिबा वाकून बघत म्हणाला, "मंजी मोटारीला बी येसन घातली म्हना की!"

इमामभाई हसला. कित्येक दिवसांनी मी त्याला हसताना बघितलं.

तेवढ्यात बाई बाहेर आल्या. बाळाच्या छातीत कफ भरला होता. दोन-चार दिवस दवाखान्यात ठेवायला हवं होतं. सून बाळाला फडक्यात गुंडाळून आली, गाडीजवळ आली आणि थांबली. मी स्टेअरिंगवर बसलो होतो.

"ह्ये चालवनार?" तिनं सासऱ्याला विचारलं.

"व्हय. मिस्तरी हायेत."

"मी न्हाई बसत." पोरगी ठाम होती. "येताना बघितलं मी. लय दणदण आदळत आणली मोटार. इमामभाई चालवनार असतील तर बसते. त्या दिशी पान्यातून त्यांनीच आणलं न्हवं डाक्टरीनबाईला?"

मला राग यायला हवा होता. वीस-पंचवीस मैलांत माझ्याइतका मोटारीतला माणूस नव्हता, आणि ही पोरगी मला नापास करत होती. पण मी पटकन खाली उतरलो. "बरोबर बोलली. मी मेकॅनिक, ड्रायव्हर नाही. इमामभाई, बघ बाबा काय ते. बाळ खोकतंय."

इमामभाईनं बाईंकडं बघितलं. बाईंनी सुनेला मागं बसवलं, स्वतः तिच्या शेजारी बसल्या आणि दार लावून घेतलं. इमामभाईच्या ओठांची हालचाल झाली, देवाचं नाव घेत असावा. मग तो स्टेअरिंगवर बसला.

ओढा ओलांडला. डांबर कुठलं त्या काळी, मुरमाचा रस्ता. तो अगदी हळू चालवत होता. मागं बाळ खोकायला लागलं आणि खोकता खोकता त्याचा श्वास अडकल्यासारखा आवाज झाला. "इमामभाई, जरा लवकर," बाई म्हणाल्या. तेवढंच. त्यानं वेग वाढवला. आणि मग, असं व्हायचंच होतं की काय कोण जाणे, बांधाआडून एक मेंढरू उडी मारून रस्त्यावर आलं. त्यामागं दुसरं, आणि मग आख्खा कळपच.

इमामभाईनं ब्रेक दाबला. सगळा जोर लावून.

मी डोळे मिटले, खोटं कशाला बोलू. माझा बोल्ट, माझं काम, पण मी डोळे मिटले. चाकं मुरमावर करकरली आणि गाडी थांबली. डोळे उघडले तर मेंढरं बॉनेटला नाक लावून उभी होती आणि आम्ही रस्त्याच्या मधोमध. सरळ. दोरी लावून आखल्यासारखे सरळ.

मागून सुनेचा आवाज आला, "बघा. ह्येंनी चालवली की आदळत न्हाई."

इमामभाईनं स्टेअरिंगवरचे हात उचलले. वळवून वळवून बघितले, आधी तळवे, मग मागची बाजू. "मिस्त्री," तो म्हणाला, "हाय की रे हात." आणि त्याला रडूच फुटलं. उघड, मोठ्यानं, लहान पोरासारखं. बाईंनी मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मेंढपाळ शिट्ट्या मारत मेंढरं हाकायला लागला. मग कळप पांगला आणि आम्ही दवाखान्यात गेलो. बाळ बरं होऊन आठवड्यात वस्तीवर परत गेलं.

इमामभाईनं त्यानंतर कितीतरी वर्षं बाईंची गाडी चालवली. आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, पुढं महाराष्ट्र झाला, तरी तोच स्टेअरिंगवर. गुडघे धरायला लागले तेव्हा त्यानं स्वतःहून चावी ठेवली, आणि त्या वेळी हाताबद्दल त्याची कसलीच तक्रार नव्हती. धोंडिबानं कड्यांची गोष्ट ताडकळसच्या बाजारात अशी काही पसरवली, की त्या बाजूला रुतलेल्या मोटारवाल्याला लोक आधी विचारायचे, "कडी कुठं हाय?" नसली की मदतीआधी दोन गोष्टी ऐकवायचे. त्यामुळं मला कामही पुष्कळ मिळालं.

एक सवय मात्र मला कायमची लागली. मालक माझ्याकडं ड्रायव्हरची तक्रार घेऊन आला, म्हातारा झालाय, पितो, लक्ष नसतं, हात चालत नाही, की मी त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतो. मग म्हणतो, बरं, आधी गाडी धुऊन आणा. वरून नाही. खालून.